काल तू हे शिकलास

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीच्या मुलुंड शाखेत मी रुजू झालो, त्या पहिल्या सकाळी तक्रार टेबलावरच्या एक बाई एका धडधाकट माणसाला सांगत होत्या, "काल तू आग विझवायला शिकलास. बरा शिकलास. फक्त पिन काढायच्या आधीच दांडा दाबलास."

तो माणूस खाली मान घालून उभा होता. "घाईत असेन, ताई," तो म्हणाला.

"असेन काय, घाईतच असतोस तू. म्हणून तसं दाबलं."

मला वाटलं, आदल्या दिवशी कुठेतरी आग लागली असावी. आग लागली नव्हती. तो माणूस म्हणजे आमचे तंत्रज्ञ कांबळी, आणि आदला दिवसभर ते भांडुपच्या एका सोसायटीत लिफ्टच्या दारांना ग्रीस लावत होते. आग विझवायचं नळकांडं त्यांनी त्या दिवशी पाहिलंही नव्हतं. ते शिकले होते कंपनीच्या प्रशिक्षणाच्या ॲपवर, आणि ॲपवर त्यांच्या जागी त्या बाई बसल्या होत्या.

हे मला समजायला काही दिवस लागले आणि पटायला त्याहून जास्त.

मी आलो होतो प्रशिक्षण समन्वयक म्हणून. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील मेहकरच्या बाजार समितीत हमाल, आई अंगणवाडीत मदतनीस. मी समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून बी.कॉम. केलं. मला शिकवणाऱ्या प्रत्येकाविषयी माझ्या मनात आदर आहे आणि त्यात मी कंपनीच्या ॲपलाही धरलं होतं. पहिला धडा मी हातपाय धुऊन, भिंतीला न टेकता केला. धडा संपल्यावर मोबाइलवर फुगे उडाले आणि 'शाब्बास' असं आलं. मी ते घरी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "सर चांगले दिसतात."

पूर्वी म्हणे अंधेरीच्या मुख्य कार्यालयातून वर्षातून एकदा एक निवृत्त इंजिनिअर यायचे, फळ्यावर लिफ्टचं चित्र काढायचे, मग समोसे यायचे आणि सगळे शिकले असं धरलं जायचं. आता ते सगळं मोबाइलवर आलं होतं. छोटे छोटे व्हिडिओ, व्हिडिओखाली प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय. उत्तर चुकलं की ॲप त्या माणसाच्या चुकीप्रमाणे त्याला पुढचा धडा देई. अंधेरीचे लोक म्हणत की ॲप प्रत्येकाला ओळखतं. माझं काम एवढंच होतं की शाखेतल्या प्रत्येकाच्या नावापुढची पट्टी हिरवी ठेवायची.

मी पाहिलं तर सगळ्या पट्ट्या आधीच हिरव्या होत्या. एकच लाल होती, तक्रार टेबलाची. मी तिथे गेलो आणि म्हणालो, "बाई, तुमचा एकही धडा झालेला नाही."

आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. मुंबईत हा शब्द असा वापरत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून विचारलं, "शाळेतली बाई, की भांडीवाली?"

"शाळेतली," मी म्हणालो. आमच्याकडे शाळेत बाईच म्हणतात.

"मग चालेल. बस. जेवलास?"

बाकीचे सगळे त्यांना ताई म्हणत. मी शेवटपर्यंत बाईच म्हटलं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सरळ दिलं. बाकीच्यांचे धडे करून स्वतःचा करायला वेळ उरत नाही, असं त्या म्हणाल्या. लपवालपवी काही नव्हती. तंत्रज्ञ दिवसभर फिरतीवर, बोटांना ग्रीस, आणि ग्रीसच्या बोटाला मोबाइल दाद देत नाही. बाईंसमोर संगणक होता, दोन फोनांच्या मधे वेळ होता, आणि कंपनीने सगळ्यांना एकच पासवर्ड दिला होता. तो बदला असं वारंवार कळवलं जाई आणि तो कुणीही बदललेला नव्हता.

"पण ही फसवणूक झाली," मी म्हणालो.

बाई दुखावल्या. "फसवणूक कसली? ज्याचं त्यालाच मिळेल असं बघते मी."

आणि ते खरं होतं. कुणाचाही धडा करताना त्या तेवढ्यापुरत्या तो माणूस होत. कांबळींचा धडा करताना व्हिडिओ अर्ध्यावर सोडत आणि प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर देत. सोनवणे म्हणून दुसरे तंत्रज्ञ होते, अकोल्याकडचे, सावकाश आणि संशयी. त्यांचा धडा करताना बाई प्रत्येक पर्याय पुन्हा पुन्हा वाचत, मध्येच उठून पाणी पिऊन येत आणि उत्तर देऊन झाल्यावरही मागे जाऊन बघून येत. सोनवण्यांचा एक धडा कधीकधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाले. एकदा बाई खुर्चीत मागे रेलून, पाय पसरून, काही न करता बसल्या होत्या. मी काही विचारायला गेलो तर म्हणाल्या, "नंतर ये. मी आत्ता साहेब आहे."

बरोबर उत्तर त्यांना कळत असे. पण त्या माणसाला ते येत नसेल, तर त्या चूक उत्तर देत. त्यात कुणाचीही भीडभाड नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला निघण्याआधी, ज्याचा धडा झाला असेल त्याला टेबलासमोर उभं करून तो काय शिकला ते सांगत.

"काल तू लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला शिकलास," एकदा त्यांनी कांबळींना सांगितलं. "उतरायच्या आधी बंद करायचं बटण दाबायचं आणि मग लिफ्ट खरंच बंद झाली का ते तपासायचं. तू दाबलंस. तपासलं नाहीस."

"ताई, माझे मार्क कापले तुम्ही?"

"तूच कापलेस. मी तिथे नव्हते, तू होतास."

"अहो, पण तपासतो मी."

"केव्हा तपासलंस? सोनवण्या, हा तपासतो काय रे?"

सोनवण्यांनी बराच विचार केला. "मी असताना तरी नाही," ते म्हणाले.

"तुला विचारलं कुणी?" कांबळी त्यांच्यावर उखडले. पण काही दिवसांनी तेच टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, सोनवण्याला विचारा. आता तपासतो. माझे मार्क वाढवा."

"पुढच्या धड्याला बघू," बाई म्हणाल्या.

मी माझे धडे स्वतः करतो, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांना माझी काळजी वाटली. "तूच करतोस, तूच मार्क घेतोस. मग काय शिकलास ते तुला सांगणार कोण?" मी म्हणालो, ॲप सांगतं, फुगे येतात. त्यांनी डब्यातलं एक घावन माझ्या पुढ्यात ठेवलं.

त्या कणकवलीकडच्या. वडील परळच्या गिरणीत होते, गिरण्या बंद झाल्यावर कुटुंब मुलुंडला आलं. लिफ्ट कंपनीत इतकी वर्षं काढूनही त्या कधी लिफ्टमध्ये चढल्या नव्हत्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "मला आजवर लिफ्टमधून जेवढ्यांनी फोन केला ते सगळे अडकलेले होते. एकही सुटा माणूस नाही. मग मी काय समजायचं?" यात कुठेतरी चूक आहे हे मला दिसत होतं, पण ती दाखवता येईना.

अडकलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न असे, "किती जण आहात?" आणि दुसरा, "जेवलात का?" जेवला असेल तर काय होतं ते विचारत, नसेल तर काय होणार आहे ते. घाटकोपरचे एक गुजराती काका एकदा अडकले होते. सोनवण्यांनी पोचून दार उघडलं तेव्हा काका आतून हात दाखवून म्हणाले, "एक मिनिट थांबा भाऊ, उंधियूचा मसाला राहिलाय." ते पूर्ण कृती सांगूनच बाहेर आले.

असं सगळं बरं चाललं असताना अंधेरीहून कळलं की यापुढे साध्या तक्रारीचे फोन यंत्र घेणार. लिफ्टमध्ये अडकलेल्याचा फोन मात्र माणसानेच घ्यायचा, आणि त्या माणसाने संवादाचा नवा अभ्यासक्रम स्वतःच्या नावावर पास केलेला असला पाहिजे. संधी दोन. महिनाअखेरपर्यंत पास झालं नाही, तर मुलुंडचं टेबल बंद आणि फोन अंधेरीला वळवायचे.

मी बाईंना हे नीट समजावून सांगितलं. त्या ऐकून घेऊन कांबळींचा धडा करू लागल्या.

"बाई, तुमचा करा ना आधी."

"स्वतःचा कसा करू? स्वतःच्या डोक्यातल्या उवा कुणाला दिसतात काय?"

"पण टेबल जाईल."

त्या थांबल्या. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "टेबल गेलं की घरी बसायचं. घरी फोन वाजत नाही रे. मुलगा बंगळूरला असतो, तो मेसेज करतो." मग त्यांनी कांबळींचं एक उत्तर चुकवलं आणि पुढे गेल्या.

तेव्हा कांबळी, सोनवणे आणि मी, आमचं असं ठरलं की आता बाईंचा धडा आपण करायचा. त्या बँकेत गेल्या होत्या त्या दुपारी आम्ही तिघं त्यांच्या संगणकासमोर बसलो. कांबळींनी हात साबणाने धुतले होते.

पहिला प्रश्न असा होता: ग्राहक लिफ्टमध्ये अडकला असून घाबरलेला आहे, तुमचं पहिलं वाक्य काय असेल? पर्यायांत दिलगिरी होती, 'आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे' होतं, तंत्रज्ञ निघाला आहे हे होतं आणि ग्राहक क्रमांक विचारणं होतं.

"जेवलात का, हे कुठाय?" कांबळींनी विचारलं.

"नाहीये," मी म्हणालो. "सुरक्षिततेचं बरोबर आहे. ते दाबू."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर कुठलं ते आम्हाला पण कळतंय रे," कांबळी म्हणाले. "ताईंचं कुठलं ते सांग."

"क्रमांक," सोनवणे सावकाश म्हणाले. "निदान त्यात काहीतरी विचारतात तरी."

"ताई माणसाला आधी नंबर विचारतील? येडा झालास काय तू?"

"मग दिलगिरी?"

"कसली दिलगिरी? ताईंनी अडकवलाय काय त्याला?"

शेवटी क्रमांक दाबला. मग प्रश्न आला, ग्राहक शिव्या देत असेल तर? शांत आवाजात समजूत घालायची, ताकीद देऊन फोन ठेवायचा, वरिष्ठांकडे द्यायचा, की काही न बोलता ऐकून घ्यायचं?

"ताई डबल देतील," कांबळी म्हणाले.

"ते नाहीये."

"मग वरिष्ठांकडे."

"ताईंच्या वर कोण आहे?" सोनवण्यांनी विचारलं. तो पर्याय गळला. प्रत्येक प्रश्नाला असंच झालं. दोनदा उत्तर बदललं, एकदा भांडण होऊन सोनवणे उठून गेले आणि पाणी पिऊन परत आले. पण एकाही ठिकाणी आम्ही बाईंच्या तोंडी त्यांचं नसलेलं उत्तर घातलं नाही. बाई नापास झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनवणे त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले. "ताई, काल तुम्ही अडकलेल्या माणसाशी बोलायला शिकलात," ते म्हणाले. "नापास झालात."

बाईंनी हातातला फोन खाली ठेवला. "सांग सगळं."

सोनवण्यांनी एकेक प्रश्न आणि उत्तर सांगितलं. बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या.

"आणि शिव्या देणाऱ्याला?"

"गप्प बसून ऐकून घेतलंत."

"मी?"

"दुसरं काही बसत नव्हतं, ताई."

बाईंनी विचार केला. "हां. मग गप्पच बसले असते," त्या म्हणाल्या. "बरोबर केलंत." त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की डबा त्यांनी आम्हालाच वाटून टाकला. मी एकटाच काळजीत होतो, कारण आता एकच संधी उरली होती. त्यातून ॲपने अंधेरीला परस्पर कळवलं की या कर्मचाऱ्याचं मत एकाच प्रश्नात अनेकदा बदलतं, निर्णय घ्यायला त्यांना गट लागतो असं दिसतं, तेव्हा दुसरी परीक्षा अंधेरीला, कॅमेऱ्यासमोर व्हावी.

मी बाईंना घेऊन अंधेरीला गेलो. कार्यालय सातव्या मजल्यावर होतं. परीक्षेच्या बऱ्याच आधी आम्ही जिन्याला लागलो आणि वाटेत दोनदा बसलो.

वर तन्वी नावाच्या मुलीने आमचं स्वागत केलं. तो अभ्यासक्रम तिनेच लिहिला होता. वय माझ्याएवढंच, केस कानामागे सारायची सवय, दर वाक्याच्या आधी एक हळू 'ओके'. बाईंनी पाण्याचा ग्लास हातात घेऊन तिची चौकशी सुरू केली. कुठली तू? घरी कोण असतं? जेवतेस केव्हा? तन्वी म्हणाली, जेवायला वेळ होत नाही, ती चॉकलेटसारखी प्रोटीनची वडी खाते. हे कधीपासून? कॉलेजपासून. शाखेत कधी आली आहेस? नाही, सगळं इथूनच करते. अडकलेल्या माणसाशी कधी बोललीस? ओके, म्हणजे तसं नाही, पण रेकॉर्डिंग खूप ऐकली आहेत. बाईंनी तिच्याकडे पुरेसं पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "चल, बसते मी."

काचेच्या खोलीत त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. मी बाहेरून पाहत होतो. त्यांनी पाठ ताठ केली. मग नसलेली बट कानामागे सारली. त्यांचे ओठ हलले, आणि मला ऐकू आलं नाही तरी त्या काय म्हणाल्या ते मला कळलं. त्या 'ओके' म्हणाल्या होत्या.

शंभरात शहाण्णव मिळाले. मुलुंडमध्ये इतके कुणालाच मिळाले नव्हते.

उतरताना जिन्यात मी म्हणालो, "बाई, पास झालात."

"मी कुठे? ती झाली. हुशार पोर आहे, सगळं येतं तिला." एक मजला उतरून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आता काम पण तिनेच करायला हवं."

"कुणी?"

"जी पास झाली तिने. पास एकीने व्हायचं आणि टेबलावर दुसरीने बसायचं, ही फसवणूक झाली."

मला वाटलं, त्या गंमत करताहेत. सोमवारी त्या टेबलावर बसल्या, ताठ बसल्या, फोन वाजला आणि त्या म्हणाल्या, "नमस्कार, आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मी आपली काय मदत करू शकते?"

तेव्हापासून कामाच्या वेळात त्या तन्वी होत्या. डब्याऐवजी प्रोटीनची वडी आणत आणि ती चेहरा न बदलता खात. दुसऱ्यांचे धडे करणं त्यांनी बंद केलं, कारण तन्वी तसं करणार नाही. सकाळी टेबलासमोर कुणाला उभं करत नसत. पट्ट्या एकेक करून लाल होऊ लागल्या आणि सोनवणे येता-जाता तिथे उगाच रेंगाळून निघून जात. टेबल वाचलं होतं. मी ज्यासाठी धडपडलो ते झालं होतं, त्यामुळे मी कुणाला काही बोलूही शकत नव्हतो.

पहिल्याच दिवशी कांबळींनी भांडुपहून टेबलाला फोन केला, तो आवाज ऐकला आणि चुकीचा नंबर लागला म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. मग मला केला. "अरे, ताई कुठे गेल्या?"

"इथेच आहेत."

"मग फोन कोण घेतंय?"

"त्याच घेताहेत."

कांबळींनी आवाज खाली आणला. "बऱ्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

अडकलेल्या माणसांचे फोन आता लवकर संपत. तीन वाक्यं झाली की दोन्हीकडे शांतता, आणि तंत्रज्ञ पोचेपर्यंत दोघंही ती शांतता कानाला लावून बसत. मुलुंडच्या एका आजींनी एकदा विचारलं, आधी एक बाई होत्या, त्या कुठे गेल्या? बाई म्हणाल्या, "माफ करा मॅडम, त्यांच्याविषयी माझ्याकडे माहिती उपलब्ध नाही."

मग अंधेरीहून तन्वी आली. बाईंचे गुण सगळ्या शाखांत वरचे होते, म्हणून नव्या धड्यासाठी त्यांच्या कामाचा व्हिडिओ काढायचा होता. तिने मोबाइल उभा करून ठेवला, व्हिडिओत आवाज यावा म्हणून टेबलाचा फोन स्पीकरवर टाकला आणि बाईंच्या शेजारी बसून दोन-तीन फोन ऐकले. तिचा चेहरा उतरत गेला. ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "मी अशी बोलते?"

माझ्याआधी बाईच म्हणाल्या, "शहाण्णव टक्के."

तेवढ्यात फोन वाजला. मुलुंडच्याच एका इमारतीतून एक म्हातारे गृहस्थ बोलत होते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे बंद पडली होती, ते एकटे होते, आवाज थरथरत होता. बाईंनी कांबळींना निरोप दिला आणि आपली तीन वाक्यं बोलून घेतली. मग शांतता. फोनमधून त्या गृहस्थांचा श्वास तेवढा ऐकू येत होता आणि तो वाढत होता.

तन्वीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी अगदी तशाच नजरेने तन्वीकडे पाहिलं.

"काहीतरी बोला ना," तन्वी कुजबुजली.

"पुढे तुम्ही काही लिहिलेलं नाही," बाई अदबीने म्हणाल्या.

तन्वीने त्यांच्यासमोरचा माइक ओढून घेतला. घेतला आणि तीही गप्प. मग म्हणाली, "हॅलो, काका?"

"हां."

"तुम्ही... कुठे निघाला होतात?"

"नातवाला शाळेतून आणायला," आवाज आला. "तो गेटवर उभा असेल गं. त्याला सांगितलंय मी, माझ्याशिवाय कुणाबरोबर जायचं नाही. तो हलायचा नाही तिथून."

"शाळा कुठली?" तन्वीने विचारलं. मग आपल्या मोबाइलचं चाललेलं रेकॉर्डिंग बंद करून तिने शाळेचा नंबर शोधला, फोन लावला, तिथल्या शिपायाशी आधी इंग्रजीत आणि मग धड मराठीत बोलली, आणि परत माइककडे वळली. "काका, त्याला ऑफिसात बसवलंय. रडत नाहीये. गेट सोडायला तयार नव्हता, म्हणून हेडमास्तर स्वतः खाली गेले."

पलीकडे एक लांब श्वास सुटला. "हट्टी आहे," काका म्हणाले. "बापावर गेलाय." आणि मग ते नातवाविषयी सांगायला लागले, आणि तन्वी विचारत गेली, आणि तिच्या तोंडून त्या दहा-पंधरा मिनिटांत 'ओके' म्हणून आलं नाही.

बाई हळूहळू खुर्चीत मागे टेकल्या. हनुवटीखाली हात घेतला.

फोन संपल्यावर तन्वी घामाघूम झाली होती. "मी जे केलं ते प्रोटोकॉलमध्ये नाहीये," ती म्हणाली.

"नाहीच. ते तुझ्या शहाण्णवात नव्हतं," बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. मी चमकून वर पाहिलं. "आता माझी पंचाईत झाली बघ. अंधेरीला जी पास झाली, ती तू आता राहिली नाहीस. मग मी कुणाचं काम करत बसू?"

तन्वीला हे सगळं समजलं असं मला वाटत नाही. पण तिने बाईंकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचंच करा ना, ताई. मी अंधेरीला बोलते."

"बोल. आणि नाही ऐकलं, तर त्यांना एकदा त्या लिफ्टमध्ये बसव."

पुन्हा फोन वाजला. कांबळी होते. अलीकडे ते टेबलाशी एखाद्या परक्या कंपनीशी बोलावं तसं बोलत. "नमस्कार मॅडम," ते म्हणाले, "ग्राहकाला सुखरूप बाहेर काढलेलं आहे."

"मॅडम कोणाला म्हणतोस रे मेल्या?" बाई म्हणाल्या. "एवढा वेळ होतास खय?"

पलीकडे नुसता इमारतीचा आवाज येत राहिला. कुणीतरी जिन्यावरून उतरत होतं, लांब एक दार आपटलं. मग कांबळींनी अगदी हळू विचारलं, "ताई, आलात?"

"आले," बाई म्हणाल्या. "बोल."